राउटरची केबल घेताना : तांबं, टोकं आणि खर्चाचा हिशेब

तीनशे एमबीपीएसचा प्लॅन आहे, पैसे दरमहा वेळेवर जातात, आणि केबल लावलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट केली की आकडा ९४वर येऊन अडतो. कधी ९३, कधी ९५, पण शंभरी काही ओलांडत नाही. अशा वेळी बहुतेक जण कंपनीला फोन लावतात, नाहीतर नवा राउटर आणतात. त्याआधी केबल तपासा. आकडा नेमका चौऱ्याण्णव-पंचाण्णवला अडत असेल तर दोष बहुतेक वेळा घरातच असतो, आणि तो पन्नास रुपयांत निघू शकतो.

कारण असं. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, एकमेकींना पीळ दिलेल्या चार जोड्या. शंभर एमबीपीएसच्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या. हजार एमबीपीएस, म्हणजे गिगाबिटला मात्र चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली किंवा टोकाला नीट बसली नाही, तर राउटर आणि कॉम्प्युटर आपसांत ठरवून शंभरवर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून केबलवर कुणाचा संशयच जात नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड लिहिलेला असतो. तिथे १००/१०० दिसलं तर जोडणी अर्धवट आहे किंवा एखादं पोर्टच शंभरचं आहे. १०००/१००० दिसलं तर केबल आपलं काम करते आहे, आणि मग कंपनीशी बोलायला हरकत नाही. गिगाबिट जोडणीवरही प्रत्यक्ष आकडा ९४०च्या आसपासच थांबतो, त्यात दोष काही नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरातली पोर्टं बघून घ्या. हजार-दीड हजारात मिळणाऱ्या बऱ्याच राउटरच्या खोक्यावर १२०० एमबीपीएस असं ठळक छापलेलं असतं. ती वायफायच्या दोन बँडची बेरीज असते. मागची पोर्टं अनेकदा शंभरचीच निघतात. खोक्यावर बारीक अक्षरात १०/१००/१००० किंवा गिगाबिट असं लिहिलेलं शोधा. ते नसेल तर जगातली सर्वांत महाग केबल लावूनही आकडा हलणार नाही. टीव्हीचं पोर्टही बहुतेक मॉडेलांत शंभरचंच असतं, पण फोर-के सिनेमाला पंचवीस एमबीपीएस पुरतात, त्यामुळे टीव्हीसाठी भारी केबलवर खर्च करण्यात अर्थ नाही.

कॅट-पाच-ई, सहा, सात, आठ

केबलवर कॅट या वर्गापुढे छापलेला आकडा जितका मोठा तितका वेग जास्त, अशी समजूत पक्की झाली आहे, आणि ऑनलाइन दुकानं ती पक्कीच ठेवतात. घरातला हिशेब साधा आहे. कॅट-५-ई शंभर मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेली असते आणि शंभर मीटरपर्यंत पूर्ण एक जीबीपीएस नेते. २०१६मध्ये आलेल्या मानकामुळे याच केबलवर अडीच जीबीपीएसही चालतं. कॅट-६ अडीचशे मेगाहर्ट्झची, आणि पंचावन्न मीटरपर्यंत दहा जीबीपीएस नेऊ शकते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दाराजवळच्या राउटरपासून शेवटच्या बेडरूमपर्यंत केबल फिरवून नेली तरी वीस-पंचवीस मीटरच्या पुढे जात नाही. म्हणजे भिंतीत कायमची टाकायची तर कॅट-६ टाका, ती बरीच वर्षं पुरेल. जुन्या घरात चांगली कॅट-५-ई आधीच टाकलेली असेल तर ती उपटू नका.

कॅट-६-ए दहा जीबीपीएस शंभर मीटरपर्यंत नेते, पण ती जाड आणि ताठ असते, भिंतीतल्या अरुंद पाइपाच्या वळणावर अडते आणि घरात तिचा फायदा दिसत नाही. कॅट-७ नावाने जी पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकं बसवलेली तयार केबल, विकली जाते तिच्यावर माझा राग आहे. हा वर्ग अमेरिकी टीआयए मानकात नाहीच. आंतरराष्ट्रीय मानकातल्या कॅट-७साठी वेगळे कनेक्टर ठरवलेले आहेत. साध्या आरजे-४५ टोकांची, चपटी, रंगीत वेष्टनाची दोरी घेऊन तिला कॅट-७ म्हणायचं आणि दुप्पट पैसे घ्यायचे, हा ग्राहकाच्या अज्ञानावरचा धंदा आहे. कॅट-८ खरी आहे, पण ती डेटा सेंटरमधल्या यंत्रांसाठी, तीस मीटरच्या आतल्या अंतरासाठी आहे. शिल्डवाल्या, म्हणजे आत धातूचं आवरण असलेल्या केबलचंही तसंच. शिल्डला दोन्ही टोकांच्या धातूच्या कनेक्टरमधून अर्थिंग मिळालं तरच तिचा उपयोग, आणि घरातल्या प्लॅस्टिकच्या राउटरला ते मिळत नाही. घरासाठी साधी, शिल्ड नसलेली यूटीपी घ्या.

पैसे तांब्याचे द्या

बाजारात एकाच वेष्टनात दोन वस्तू मिळतात. एकीत आतून-बाहेरून तांबं असतं. दुसरीत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर असतो. तिला दुकानात सीसीए किंवा कॉपर कोटेड म्हणतात, आणि पुष्कळदा काहीच न म्हणता नुसती कॅट-६ म्हणून देतात. मानकांनुसार कॅट-५-ई असो की कॅट-६, तार तांब्याचीच हवी. सीसीएवर कॅट-६ छापलेलं असलं तरी ती त्या मानकात बसत नाही.

ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. पाच मीटरच्या तुकड्यात हा फरक जाणवणार नाही, सीसीएवरही गिगाबिट लागेल, आणि म्हणूनच विकणारा छातीठोकपणे चालवून दाखवतो. त्रास पुढे होतो. ही तार दोन-चारदा वाकली की मोडते. कनेक्टरच्या पात्याखाली उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर हवेने थर चढतो आणि जोड कच्चा होत जातो. दमट हवेत, मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, हे लवकर होतं. वर याच केबलमधून कॅमेऱ्याला किंवा छतावरच्या वायफाय यंत्राला वीजही द्यायची असेल, म्हणजे पीओई वापरायचं असेल, तर जास्त रोध असलेली तार तापते आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज कमी पोहोचतं. पीओईसाठी सीसीए कधीही घेऊ नका.

ओळखायचं कसं? दुकानदाराला केबलचं टोक दोन इंच सोलायला सांगा. एक तार घ्या, तिचं रंगीत प्लॅस्टिक काढा आणि ब्लेडच्या धारेने तार हळू खरवडा. तांबं असेल तर कितीही खरवडलं तरी खाली लालसरच दिसतं. सीसीए असेल तर तिसऱ्या-चौथ्या ओढीला आतून चांदीसारखा पांढरा रंग उघडा पडतो. मग तीच तार चिमटीत धरून एकाच जागी मागे-पुढे वाकवा. ॲल्युमिनियम लवकर तुटतं, तांबं बराच वेळ साथ देतं. काही स्वस्त केबलांत आत लोखंडी तार असते, तिला चुंबक चिकटतं. सीसीएला चिकटत नाही, त्यामुळे एकट्या चुंबकावर विसंबू नका. पूर्ण पेटी घेत असाल तर उचलून बघा. ॲल्युमिनियमचं वजन तेवढ्याच आकाराच्या तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे ३०५ मीटरची सीसीएची पेटी हाताला लगेच हलकी लागते.

वेष्टनावरची छपाईही वाचा. तिथे वर्ग, यूटीपी, तारेची जाडी आणि दर मीटरला चढता आकडा असतो. जाडी एडब्ल्यूजीमध्ये दिलेली असते आणि ती उलटी चालते : २४ म्हणजे साधारण ०.५१ मिलिमीटर, २३ म्हणजे ०.५७. चांगल्या कॅट-६मध्ये बहुधा २३ असते. मीटरच्या आकड्यांनी दुसरंही काम होतं. सुटी केबल मोजून घेताना दोन टोकांचे आकडे वजा करा, हाताने मोजलेल्या मीटरवर विश्वास ठेवावा लागत नाही.

आता भाव. हे किरकोळ दुकानातले ढोबळ आकडे आहेत, आणि तांबं चढलं की केबलही चढते, म्हणून घेण्याआधी दोन ठिकाणी विचारा. शुद्ध तांब्याची, नावाजलेल्या कंपनीची कॅट-६ मीटरला २५ ते ४५ रुपये. तांब्याचीच कॅट-५-ई १५ ते २५. सीसीए ८ ते १५. कुणी कॅट-६ बारा रुपये मीटरने देत असेल तर आत तांबं नाही, हे खरवडण्याआधीच समजा. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली अशा बाजारांत सुटी केबल मापून मिळते आणि टोक सोलून दाखवायला दुकानदार कुरकुरत नाहीत. गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बऱ्याचदा एकच माल असतो. तिथे घाईने घेऊ नका.

टोकं

केबल चांगली असूनही जोडणी शंभरवर उतरते ती बहुतेक टोकांमुळे. आरजे-४५ कनेक्टर सगळे सारखे दिसतात, पण भिंतीत टाकायच्या केबलमध्ये तार एकेरी आणि ताठ असते, तर पॅच कॉर्डमध्ये बारीक धाग्यांची, लवचीक. एकेरी तारेसाठीच्या कनेक्टरची पाती तारेच्या दोन बाजूंनी धरतात. धाग्यांच्या तारेसाठीची पाती मधोमध घुसतात, आणि तीच एकेरी तारेवर वापरली की पातं तारेवरून घसरतं किंवा तिला चिरतं. शिवाय कॅट-६ची जाड तार कॅट-५-ईच्या कनेक्टरच्या खाचेत नीट शिरत नाही. दुकानात कॅट-६चा, एकेरी तारेचा कनेक्टर असं स्पष्ट मागा. साधे कनेक्टर नगाला तीन ते सहा रुपयांना मिळतात, चांगले दहा ते पंचवीसला. दोन टोकांचे मिळून चाळीस रुपये जास्त जातील, पण वेळ इथेच वाचतो.

रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा. आपल्याकडे बी क्रम रुळलेला आहे : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन बाजूंना येते हे लक्षात घ्या. काही वायरमन जोड्या ओळीने लावून टाकतात, आठही दिवे टेस्टरवर लागतात, आणि तरी केबल अडखळते, कारण पीळ असलेली जोडी फुटून दोन वेगळ्या जोड्यांत गेलेली असते. टेस्टर फक्त तार कुठून कुठे पोहोचली ते सांगतो. कनेक्टरजवळ पीळ तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नये, आणि केबलचं बाहेरचं वेष्टन कनेक्टरच्या आत शिरून चिमटलं गेलं पाहिजे. टोक ओढून बघा. वेष्टन बाहेर राहिलं असेल आणि रंगीत तारा दिसत असतील तर तो कनेक्टर कापून नवा मारायला सांगा. हे सांगायला संकोच करू नका.

स्वतः करायचं असेल तर साधा क्रिम्पिंग पक्कड अडीचशे ते पाचशेला, टेस्टर दीडशे ते तीनशेला येतो. ज्या कनेक्टरमधून तारा पुढून आरपार बाहेर येतात त्यांना वेगळा पक्कड लागतो, सातशे ते दीड हजारांचा. त्यात क्रिम्प करण्याआधी रंग नीट बघता येतात, नवख्याला ते सोपं जातं. पण घरात दोनच टोकं असतील तर हा खर्च कशाला? कारखान्यात तयार झालेली, दोन्ही टोकं बसवलेली पॅच कॉर्ड घ्या. कॅट-६ची एक मीटरची शंभर ते दोनशेला, दहा मीटरची चारशे ते सातशेला, वीस मीटरची हजाराच्या आसपास मिळते. भाड्याच्या घरात तर हाच उपाय. स्कर्टिंगच्या कडेने क्लिपा मारून न्या, घर सोडताना गुंडाळून सोबत घ्या. दाराच्या फटीतून चपटी केबल जाते खरी, पण तिच्या तारा फार बारीक असतात, तेव्हा ती छोट्या अंतरापुरतीच ठेवा.

भिंतीतून आलेल्या केबलला मात्र थेट कनेक्टर मारून लोंबती ठेवू नका. ताठ तार रोज हलली की टोकाशी मोडते. तिथे आयओ पॉइंट बसवा : भिंतीवर बॉक्स, प्लेट आणि मागून पंच केलेला जॅक. पुढे कॉम्प्युटरपर्यंत लवचीक पॅच कॉर्ड. एका पॉइंटचा खर्च अडीचशे ते साडेचारशे. मोडली तर पॅच कॉर्ड मोडेल, भिंत फोडावी लागणार नाही.

ठाण्यातला किंवा पुण्यातला एक साधा टू-बीएचके धरून हिशेब मांडू. राउटर दाराजवळ, ऑफिसचं काम शेवटच्या खोलीत, केबल वीस मीटर. ३५ रुपये मीटरने तांब्याची कॅट-६, ७०० रुपये. दोन आयओ पॉइंट, ७००. एक आणि दोन मीटरच्या पॅच कॉर्ड, ३५०. सहा केसिंग पट्ट्या, २४०. मजुरी सातशेच्या आसपास. एकूण साधारण २,७००. यात सीसीए वापरली तर केबलचे २४० होतील आणि ४६० रुपये वाचतील, बाकी सगळा खर्च तोच राहील. खराब झाल्यावर मजुरी पुन्हा द्यायची, ती वेगळी. हीच जोडणी वीस मीटरच्या तयार पॅच कॉर्डने स्कर्टिंगवरून केली तर क्लिपांसकट अकराशे-बाराशेत उरकते, आणि वेगात तसूभर फरक पडत नाही.

जुन्या इमारतींत टेलिफोनचा पॉइंट बेडरूमपर्यंत नेलेला असतो. ती दोन-चार तारांची वायर लॅनला चालत नाही, पण तिचा पाइप मोलाचा आहे. जुन्या वायरीच्या टोकाला नवी केबल बांधून हळूच ओढली तर कित्येकदा पट्टी लावावीच लागत नाही. पाइपात दिव्यांच्या वायरी असतील तर तो विचार सोडा. २३० व्होल्टच्या वायरी आणि लॅन एकाच पाइपात घालणं जिवाला धोक्याचं आहे. नवं घर बांधत असाल तर लॅनचा पाइप वेगळा, २५ मिलिमीटरचा टाका आणि प्रत्येक पॉइंटला दोन केबल ओढा. तेव्हा दुसऱ्या केबलला मीटरचेच पैसे पडतात. फरशी बसल्यावर हिशेब फार बदलतो.

फायबरचं टोक

घरात येणारी फायबरची तार कंपनीची असते, ती स्वतः कापू नका. पण भिंतीवरच्या डबीपासून ओएनटीपर्यंतची, म्हणजे कंपनीच्या फायबर मोडेमपर्यंतची, छोटी कॉर्ड कधी तुटते, उंदीरही कुरतडतात, आणि ती शंभर ते अडीचशेला बाहेर मिळते. घेताना टोकाचा रंग बघा. ओएनटीला बहुतेक हिरवं एससी-एपीसी टोक लागतं. त्याचं काचेचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळं यूपीसी टोक सपाट असतं. निळं हिरव्यात शिरतं, पण काच काचेला टेकत नाही आणि प्रकाश वाया जातो. लाइनमन आला की त्याला प्रकाशाची पॉवर किती येते ते विचारा. नेहमीच्या जीपीओएन ओएनटीला उणे २७ डीबीएमपर्यंत चालतं. उणे १८ ते उणे २२ असेल तर निश्चिंत राहा. उणे २६ला टेकलं असेल तर आज नेट चालू असलं तरी तक्रार नोंदवून ठेवा, पावसात ते बंद पडू शकतं. कॉर्ड खिळ्याला गुंडाळून काटकोनात वाकवू नका, आणि उघड्या टोकात डोळा लावून बघू नका. प्रकाश दिसत नाही, पण तो असतो.

दोन घरांमधली केबल

कोकणात मुख्य घर आणि आवारातलं दुसरं घर, किंवा घर आणि होमस्टेच्या खोल्या, यांत पन्नास-साठ मीटर अंतर असतं. लोक नारळीवरून घरातलीच लॅन केबल ओढतात. तिचं पांढरं-करडं वेष्टन उन्हाने चिरतं आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत शिरतं. बाहेरसाठी काळ्या पॉलिथिन वेष्टनाची केबल वेगळी मिळते, पण तीही मी इथे सुचवणार नाही. दोन इमारतींमध्ये ओढलेली तांब्याची तार वळवाच्या विजांत दोन्हीकडची यंत्रं जाळते. वीज थेट अंगावर पडायचीही गरज नसते, जवळ पडली तरी पुरे.

इथे फायबर घाला. काचेतून वीज वाहत नाही. केबल घेताना आतला आधाराचा दांडा स्टीलचा नाही, एफआरपीचा, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकचा आहे याची खात्री करा, नाहीतर धातू पुन्हा आलाच. अशी केबल मीटरला आठ ते पंधरा रुपये, म्हणजे तांब्यापेक्षा स्वस्त. दोन टोकांना फायबर आणि लॅन जोडणारे मीडिया कन्व्हर्टर लागतात, जोडी दीड ते अडीच हजारांना. एकाच फायबरवर चालणारी जोडी घ्यायची तर एक ए आणि एक बी असा संच हवा. दोन ए घेतले तर चालणार नाहीत. त्यांची टोकं बहुधा निळी असतात, ओएनटीची हिरवी कॉर्ड इथे वापरू नका. टोकं जोडायला केबल ऑपरेटरचा माणूस चार-पाचशे घेईल. साठ मीटरचं सगळं काम साडेतीन-चार हजारांत होतं. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर चढवा, म्हणजे पाणी झोळाशी गळून पडेल, भिंतीत शिरणार नाही.

बिल घ्या, आणि त्यावर शुद्ध तांबं, कॅट-६ हे शब्द लिहून घ्या. केबलवर १८ टक्के जीएसटी असतो. बिलाशिवाय स्वस्त मिळाली तर पुढे दाद मागायला कागद उरत नाही. पेटीबंद मालावर एमआरपी, लांबी आणि बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला असला पाहिजे. तांबं म्हणून सीसीए दिली असेल तर आधी दुकानदाराला खरवडलेला तुकडा दाखवा, बहुतेक तिथेच बदलून देतात. नाही दिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीत तक्रार नोंदवता येते. तो तुकडा आणि वेष्टनावरच्या छपाईचा फोटो बिलासोबत जपून ठेवा.